निर्गुणाचा कागद

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन-अडीच वर्षांपासून वाचतेय, आणि खोटं कशाला बोलू, वाचून हसतच आलेय. रूममेटला मोठ्याने वाचून दाखवायचे — "बघ, हिलाही पांढऱ्या साडीतलीच बाई दिसली, दुसऱ्या रंगाच्या साड्या दुकानात मिळत नाहीत वाटतं!" तेव्हा आता माझं वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही. हसा खुशाल.

आमच्या घरात देवघर नाही, पुस्तकांचं कपाट आहे. आम्ही हिंगोलीचे, बौद्ध. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. करणी, भानामती, बाहेरचं... असला शब्द जरी कोणाच्या तोंडून निघाला तरी पप्पा ताटावरून उठायचे. मी शिकलेही मानसशास्त्रच. सध्या पुण्यात पीएच.डी. करतेय, संस्थेचं नाव सांगणार नाही. विषय — संस्कृती आणि मानसिक आरोग्य. म्हणजे गावातली माणसं मनाच्या दुखण्याला काय म्हणतात, ते कशामुळे झालं असं त्यांना वाटतं, आणि ते घेऊन कोणाकडे जातात, हे शोधायचं. लोकांच्या समजुती टिपून घेणं हे माझं काम आहे, त्यांच्यावर विश्वास ठेवणं नाही. एवढं आधीच सांगून ठेवते.

आमच्या ट्रेनिंगमध्ये एक पद्धत शिकवतात. गावात जाऊन कोणाला थेट विचारलं, की "तुम्हाला उदास वाटतं का?", तर उत्तर ठरलेलं — "न्हाई बा, आमचं बराबर हाय." मग काय करायचं, तर एक बनावट माणूस तयार करायचा. त्याला व्हिन्येट म्हणतात. अर्ध्या पानाची गोष्ट असते : अमुक नावाची बाई, अमुक वय, तिला असं असं होतंय. ती वाचून दाखवायची आणि विचारायचं — हिला काय झालंय? कशामुळे? हिनं काय करावं? आणि शेवटचा प्रश्न — पुढे हिचं काय होईल? दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल माणसं मोकळी बोलतात. नियम दोनच. एक, आपलं मत सांगायचं नाही, समोरच्याने उलट विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं?" म्हणून प्रश्न परत त्याच्याकडे टोलवायचा. दोन, तो कागद गावात सोडायचा नाही. सोडला की घरोघर फिरतो आणि पुढच्या सगळ्या मुलाखती बाद होतात.

माझी बनावट बाई मी गेल्या वर्षी जुलैमध्ये हॉस्टेलच्या खोलीत बसून तयार केली. नाव ठेवलं निर्गुणा. हल्लीच्या बायकांत हे नाव सापडत नाही, म्हणून मुद्दाम. वय छत्तीस, दोन लेकरं. पाच महिन्यांपासून तिचं कशात मन नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. केसांना तेल लावणं सोडलंय. लेकीची वेणी घालता घालता अर्ध्यातच उठून जाते. भावाचा फोन आला की वाजू देते, उचलत नाही. आणि एक वाक्य मी लिहिलं होतं, त्यावर मी फार खूश होते : "निवडून झालेल्या ज्वारीत ती काढलेले खडे पुन्हा मिसळते आणि पुन्हा निवडायला बसते, कारण काम संपलं की डोकं सुरू होतं."

हे कुठून सुचलं, विचाराल तर मला सांगता येणार नाही. सुचलं. आमच्या गाईड मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली. "ही कविता झाली, लक्षण नाही. काढून टाक." दोन दिवस मी फुगून बसले, पण काढलं. छापलेल्या कागदावर ते वाक्य नव्हतं. कोणालाही मी ते बोलून दाखवलं नव्हतं. हे कृपया लक्षात ठेवा.

फेब्रुवारीत काम सुरू केलं ते सेनगाव तालुक्यात, साखऱ्याला. तिथे बारा मुलाखती झाल्या आणि बाराही मजेत. एक आजी म्हणाल्या, "तिला महिनाभर माहेरी धाडा, आपोआप ताळ्यावर येती." एक काका म्हणाले, "म्याडम, तिच्या नवऱ्याला दोन ठेवून द्या आधी." एकीने तर मला उठू दिलं नाही — "ती निर्गुणा राहू द्या, तुमचंच वय झालंय, लगीन काहून न्हाई करून राहिल्या ते सांगा!" मी हसत हसत हिंगोलीला परत यायचे आणि आईला नकला करून दाखवायचे. चांगले दिवस होते ते.

मार्चमध्ये शिरड शहापूरला गेले. तिथल्या अंगणवाडी सेविका लताताई माझ्या मदतीला होत्या. व्हिन्येटमधलं नाव त्या गावात कोणाचं नसावं अशी आमची रीत असते, नाहीतर त्या बाईची फुकट बदनामी होते. मी लताताईंना आधीच विचारलं होतं. त्यांनी सगळ्या रजिस्टरवरून बोट फिरवून सांगितलं, "न्हाई म्याडम, निर्गुणा कोणीच न्हाई इथं."

दुपारी लेकरं घरी गेली की अंगणवाडीची खोली मोकळी व्हायची. त्या दिवशी तिसरी मुलाखत होती शोभाची. फॉर्मवर हेच नाव आहे. सासू सोबत आली होती, ती बाहेर पायरीवर बसली. शोभा आत येऊन फळ्याखाली बसली, पदर नीट डोक्यावर घेतलेला, कपाळाजवळचे केस कोरडे. मी संमतीचा कागद वाचला, सही घेतली, रेकॉर्डर लावला, आणि गोष्ट वाचायला लागले.

निर्गुणा हे नाव ऐकल्याबरोबर तिने मान वर केली. मला वाटलं, नाव जुनं म्हणून असेल. मी वाचत गेले. वाचून झालं, मी पहिला प्रश्न विचारला, "हिला काय झालंय असं वाटतं?"

ती म्हणाली, "ज्वारीचं न्हाई लिवलं तुमी."

"कसलं ज्वारीचं?"

"ज्वारी निवडून झाली की काढलेले खडे पुन्हा सुपात टाकायचे, अन् पुन्हा निवडायला बसायचं. काम सरलं की डोकं चालू होतं ना, म्हणून."

भर दुपार होती. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता. अंगावर काटा येणं मी आजवर फक्त वाचलं होतं... मुलाखतीत असा प्रश्न विचारायचा नसतो, तरी मी विचारला, "तुम्हाला कसं माहीत?"

"मीच हाय ना ती," शोभा म्हणाली. "माहेरी माझं नाव निर्गुणाच व्हतं. मालकाच्या आत्याचंबी नाव तेच, मंग एका घरात दोन नकोत म्हणून लग्नात बदललं. सतरा वर्सं झाली. आता भाऊबी शोभाच म्हणतो. तुमाला कोणी सांगितलं ताई? भावानं का?"

लग्नात नाव बदलतात! माझ्या आईचं बदललं, आत्याचं बदललं, आणि मी, हिंगोलीत जन्मलेली, संस्कृती या विषयात डॉक्टरेट करायला निघालेली शहाणी, रजिस्टरमधली सासरची नावं तपासून निवांत झाले होते. पण ती चूक माझी, ती समजू शकते. बाकीचं?

मी म्हणाले, कोणी सांगितलं नाही, ही बनवलेली गोष्ट आहे. तिला ते पटलं नाही, पण ती घाबरलीही नाही. उलट ती खूश झाली. सगळ्यात जास्त मला ते आठवतं. पदर डोक्यावरून घसरला तरी तिचं लक्ष नव्हतं. पुढे सरकून ती कागदाकडे बघायला लागली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "व्हय. असंच होतं. हेबी असंच होतं. पहाटं तीनलाच."

मग म्हणाली, "हा कागद मला द्या ताई."

"कशाला?"

"मालकाला दावते. मी तोंडानं सांगितलं तर नखरे म्हणतात. सासूबाई म्हणतात, कामाचा कंटाळा आलाय हिला. छापील असल म्हंजे त्यायला बराबर वाटल. मंग नेतील मला दवाखान्यात."

आता मी जे बोलले ते रेकॉर्डिंगमध्ये आहे, त्यामुळे त्यात काही बदलता येत नाही. मी म्हणाले, "सॉरी ताई, हा कागद देता येत नाही."

"पोरीच्या वहीत उतरून घेते मंग. दोन मिन्टं."

"तेही चालणार नाही."

का चालणार नाही ते तिने विचारलं नाही. शिकल्यासवरल्या बाईने नाही म्हटलं की नाही, एवढंच. ती मागे सरकली, पदर परत डोक्यावर घेतला. आणि मी — माझा मलाच राग येतो हे लिहिताना — मी पुढचे प्रश्न विचारले! फॉर्म पूर्ण करायचा होता ना. शेवटचा प्रश्न आला, "पुढे निर्गुणाचं काय होईल?"

"ते तुमी सांगा. तुमीच लिवून राहिल्या."

"तुम्हाला काय वाटतं?"

तिने दाराकडे, सासू बसली होती तिकडे, एकदा बघितलं. मग म्हणाली, "घरच्यायला पटलं तर राहील. न्हाई पटलं तर न्हाई राहायची."

मी ते चौकटीत लिहून घेतलं, शब्दन् शब्द. बाहेरून सासूने आवाज दिला, "झालं का गं? नळ यायचा टाईम झाला." मी शोभाच्या हातावर मानसोपचाराच्या ओपीडीचा वार लिहिलेली चिठ्ठी ठेवली, ती आम्ही सगळ्यांनाच देतो. तिने ती घडी करून कमरेला खोचली आणि गेली.

औंढ्याच्या स्टँडवरून मी मॅडमना फोन लावला आणि तिचं ते शेवटचं वाक्य सांगितलं. मुलाखत देणारी माणसं जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलली, तर मुलाखत थांबवून लगेच घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवायचं, असा आमचा नियम आहे. मॅडमनी विचारलं, "ती स्वतःबद्दल बोलली की गोष्टीतल्या बाईबद्दल?"

"गोष्टीतल्या. पण मॅडम, ती म्हणाली ती मीच आहे."

"अगं, ते तर चांगलंच आहे, गोष्ट तिला आपली वाटली. म्हणजे व्हिन्येट जमली तुला."

"आणि ज्वारीचं वाक्य? ते तर आपण काढलं होतं..."

"तू बोलून गेली असशील कुठेतरी. मराठवाड्यात कोणती बाई ज्वारी निवडत नाही? चिठ्ठी दिलीस ना? मग झालं. थकली आहेस तू, दोन दिवस आराम कर."

मॅडम वाईट नाहीत. मीही त्यांच्या जागी हेच बोलले असते. आणि खरं म्हणजे मला तेच ऐकायचं होतं.

आराम कसला करतेय. घरी बसून ती मुलाखत टाईप करायला घेतली. कानाला हेडफोन लावून तेच तेच मागे-पुढे करायचं. तिचा आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि माझा तसाच राहतो, ट्रेनिंगमध्ये शिकवलेला, गोड, संथ. "तेही चालणार नाही." चार दिवस मी हे ऐकलं. पाचव्या दिवशी सकाळी उठले, लॅपटॉप उघडला, काढलेलं वाक्य गोष्टीत परत टाकलं, चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे दोन प्रती काढल्या. खाली माझं नाव, शिक्षण आणि फोन नंबर घातला. पीएच.डी. गेली चुलीत. आई म्हणाली निदान चहा तरी घे, तोही घेतला नाही.

सोमवार होता. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाची गर्दी, बस हलायला तयार नाही. शिरडला पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. लताताई अंगणवाडीच्या दारात उभ्या होत्या. "म्याडम, सकाळधरून फोन लावून राहिले तुमाला. लागतच न्हाई."

"काय झालं?"

"शोभा गेली. काल."

कशी गेली ते मी इथे लिहिणार नाही. तिने स्वतः जायचं ठरवलं, एवढंच. मी तिथेच पायरीवर बसले, जिथे तिची सासू बसली होती. लताताईंनी पाणी दिलं. पर्समध्ये त्या दोन प्रती होत्या.

त्यानंतर मी काय काय करून बघितलं ते सांगते, कारण इथे लगेच कोणीतरी कॉमेंट टाकणार. लॅपटॉपमधली मूळ फाईल बघितली, जुलैचीच तारीख. मॅडमना पाठवलेला मेल बघितला, त्यात ते ज्वारीचं वाक्य आहे, लाल रेघेसकट. आईला विचारलं, लहानपणी मला असं काही कोणाचं सांगितलं होतं का? नाही. शिरडला आमचं कोणी आहे का? नाही. शोभाचं माहेर वसमतच्या पलीकडे, तिकडे आमचं कोणी कधी गेलेलं नाही. झोप, केस, फोन — हे एखाद्या वेळेस जुळू शकतं, हे दुखणंच तसं असतं, मीच ते पन्नास ठिकाणी वाचलंय. नावही योगायोग म्हणून सोडून द्या. पण खडे? मी आयुष्यात कधी ज्वारी निवडलेली नाही हो. आमच्याकडे दळण आईच बघते.

पप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "कसं झालं ते सोड. कागद का नाही दिलास?" एवढंच विचारलं, आणि परत तो विषय काढला नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे. ती मॅडमनाही सांगितलेली नाही.

तेरावं झाल्यावर मी शोभाच्या घरी गेले. लताताई नको म्हणत होत्या, पण गेले. नवरा ओसरीवर बाजेवर बसला होता, दाढी वाढलेली. सासू भिंतीला टेकून. मी कोण ते सांगितलं. शोभाने हा कागद मागितला होता, मी दिला नाही, आता घेऊन आले आहे, असं म्हणाले. शिव्या खायची तयारी करून गेले होते. त्यांनी मारलं असतं तरी चाललं असतं.

नवऱ्याने कागद घेतला आणि एका एका शब्दावर बोट फिरवत पूर्ण वाचला. किती वेळ लागला काय सांगू. मग कागद मांडीवर ठेवून म्हणाला, "हे तवाच हातात दिलं असतं ना ताई, तर म्या नेलं असतं तिला. आईची आन. मला काय ठाऊक, ह्याला रोग म्हणतात म्हणून..."

तो उठून मागच्या दाराने निघून गेला.

सासू म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. वाचा."

मी वाचलं, त्या घरात, मोठ्याने. ती डोळे मिटून ऐकत होती. खड्यांचं वाक्य आलं तेव्हा तिने मान हलवली. "व्हय. मी बघायची. म्हणायची, काय येडेपणा लावलाय गं." मग विचारलं, "कवा लिवलं हे?"

"मागच्या जुलैत."

"म्हंजे आखाडात?"

"हो."

ती डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागली. "आखाडात तर ती ठणठणीत व्हती. पोळ्याला दोन पायल्यांचं पुरण एकटीनं वाटलं. गौरी-गणपतीत साऱ्या गल्लीला फुगड्या खेळायला लावल्या तिनं, इचारा कोणालाबी. हे सारं दिवाळीच्या मागून सुरू झालं."

दिवाळीनंतर. तिथून मार्चपर्यंत मोजा... पाच महिने. माझ्या कागदावर लिहिलेत तेवढेच.

म्हातारी रागात नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, मी शिकलेली आहे, मला माहीत असेल, म्हणून तिने विचारलं, "मंग बाई, तिला झालं म्हणून तुमी लिवलं, का तुमी लिवलं म्हणून तिला झालं?"

मी "तुम्हाला काय वाटतं?" असं म्हणाले नाही, एवढंच. चपला घालून रस्त्यावर आले.

म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा. पण मला धीर देण्यासाठी सांगू नका, खरं वाटत असेल तरच सांगा. अभ्यास चालू आहे. शिरडची ती एक मुलाखत आम्ही वगळली. मॅडम माझ्याशी फार जपून वागतात. पुढच्या टप्प्यासाठी त्यांनी मला तीन नव्या व्हिन्येट लिहायला सांगितल्या आहेत : एक तरुण मुलगा, एक विधवा, एक म्हातारा. नवी माणसं, नवी नावं, प्रत्येकाला वेगळं दुखणं द्यायचं. दोन महिने झाले. रोज फाईल उघडते. नाव सुचतं, वय सुचतं, आणि मग वाटतं, हा माणूस आज कुठेतरी चांगला हिंडतोय-फिरतोय, जेवतोय... मी लॅपटॉप बंद करते. मॅडमचा कालही मेल आला, या आठवड्यात तरी पाठव म्हणून.